सिगिरियाला जाताय? कोणी कुठपर्यंत चढायचं, ते आधी ठरवा

श्रीलंकेची सहल ठरली की सिगिरियाचं नाव यादीत येतंच, आणि त्यामागोमाग ठरावीक प्रश्नही येतात. आईचे गुडघे दुखतात, तिला न्यावं का? तिकीट फार महाग असतं म्हणतात, ते खरं का? समोरच्या पिदुरंगल टेकडीवरून सिगिरिया दिसतोच, मग एवढं चढायचं कशाला? जाऊन आलेल्या काहींची तक्रारही ठरलेली असते : ‘एवढ्या पायऱ्या चढून गेलो आणि वर नुसती विटांची जोती!’

ही तक्रार करणाऱ्यांनी बहुधा खालचा अर्धा राजवाडा न बघता ओलांडलेला असतो. सिगिरिया म्हणजे माथ्यावरचा राजवाडा आणि बाकी सगळी तिथे पोचायची वाट, अशी समजूत करून घेतली की माणूस मान खाली घालून धापा टाकत चढतो आणि वर गेल्यावर निराश होतो. राजधानी सुरू होते ती पश्चिमेच्या खंदकापाशी. बागा, पाण्याचे हौद, कातळातल्या गुहा, चित्रं, आरसा-भिंत, सिंहाचे पंजे आणि शेवटी माथा असा तो सलग पसारा आहे. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाने कुठपर्यंत जायचं, हे निघण्याआधीच बोलून घ्या. बाकीची आखणी त्यावरच अवलंबून आहे.

कामापुरता इतिहास

पाचव्या शतकात अनुराधपुराचा राजा धातुसेन याला त्याच्याच मुलाने, कश्यपाने, पदच्युत करून मारलं. गादीचा खरा वारस मोग्गल्लान दक्षिण भारतात निघून गेला. कश्यपाने राजधानी अनुराधपुराहून हलवली आणि आसपासच्या सपाटीवरून सुमारे १८० मीटर उभ्या उठलेल्या या कातळावर व त्याच्या पायथ्याशी नवं नगर उभं केलं. त्याची कारकीर्द इ. स. ४७७ ते ४९५ अशी मानतात. मोग्गल्लान सैन्य घेऊन परतला, लढाईत कश्यप संपला आणि राजधानी पुन्हा अनुराधपुराला गेली. त्यानंतर कित्येक शतकं इथे बौद्ध भिक्खूंचा विहार होता. १९८२ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा यादीत घेतलं.

मराठी वाचकांना एक गोष्ट लक्षात ठेवायला सोपी जाईल. अजिंठ्याला आश्रय देणारा वाकाटक राजा हरिषेण, वॉल्टर स्पिंक यांनी मांडलेल्या कालक्रमानुसार, ४७७ च्या सुमारास वारला. कश्यप गादीवर आला तो त्याच सुमारास. अजिंठ्याची चित्रं पाहिली असतील तर सिगिरियाच्या चित्रांसमोर तुमचे डोळे आपोआप तुलना करू लागतील. अजिंठा पाहिला नसेल, तर श्रीलंकेला जाण्याआधी तो जरूर पाहा.

रामायण-सहलींच्या जाहिरातींत सिगिरियाला सर्रास ‘रावणाचा राजवाडा’ म्हणतात. तिथले काही गाइडही ही कथा रंगवून सांगतात. लोककथा म्हणून ती ऐकायला हरकत नाही, पण तुमच्यासमोर असलेल्या विटा, बागा आणि चित्रं पाचव्या शतकातली आहेत. रावणाच्या खुणा शोधत फिरलात, तर कश्यपाच्या कारागिरांनी केलेलं डोळ्यांसमोरचं काम दिसायचं राहून जाईल.

कधी जावं

सिगिरिया श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस असतो, तेव्हा तिथे बहुतेक कोरडं असतं. ऊन मात्र कडक आणि माथ्यावर वारा जोरदार. तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीचा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी दुपारनंतर गडगडाटी पावसाची शक्यता धरूनच चालावं. ओल्या लोखंडी जिन्यावर आणि विजांच्या कडकडाटात उघड्या माथ्यावर थांबण्यात काही अर्थ नाही. हवामान सर्वांत सोयीचं असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. उन्हाळी सुट्टीत मुलांना घेऊन जाणार असाल, तर पहाटेशिवाय दुसरी वेळ मनात आणू नका.

वेळेमागचं कारणही समजून घ्या. चढाईचा बराचसा भाग कातळाच्या पश्चिम अंगाने जातो. सकाळी हे अंग सावलीत असतं, तर दुपारनंतर तेच उन्हात भाजून निघतं. म्हणून दरवाजा उघडतानाच आत शिरा. उघडण्याची आणि तिकीट बंद होण्याची वेळ बदलत असते, ती आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. उशीर झाला की मोठ्या बसगाड्यांमधले जथे येऊन पोचतात. चित्रांच्या गोल जिन्यावर एका वेळी एकच माणूस चढू शकतो. तिथे रांग लागली की तुमची सकाळची सगळी सावली त्या रांगेतच संपते.

संग्रहालय, बागा आणि माथा धरून चार तास हाताशी ठेवा. नुसतं चढून उतरायला अडीच-तीन तास पुरतात.

तिकीट, पासपोर्ट आणि तुमची सवलत

परदेशी पर्यटकांसाठीचं तिकीट खरंच महाग आहे, अलीकडे ते ३५ अमेरिकन डॉलर झालं आहे. पण सार्क देशांच्या नागरिकांना, म्हणजे आपल्यालाही, मोठी सवलत मिळते आणि दर जवळपास निम्म्यावर येतो. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते. पुढच्या गोष्टी नीट पाहून घ्या :

- प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा, मुलांचाही. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट आणि खिशात झेरॉक्स असेल, तर खिडकीवर वाद होऊ शकतो.
- सवलत पासपोर्टवर ठरते, चेहऱ्यावर किंवा मूळ गावावर नाही. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट घेतलेले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांना पूर्ण दर पडेल. ओसीआय कार्डाचा इथे उपयोग नाही.
- टूर कंपनीमार्फत जात असाल तर निघण्याआधी लेखी विचारा : पॅकेजमध्ये सिगिरियाचं तिकीट आहे का, आणि ते सार्कच्या दराने धरलंय की पूर्ण परदेशी दराने? हा फरक चार जणांच्या कुटुंबाला चांगलाच जाणवतो.
- लहान मुलांना वयानुसार सवलत असते. खिडकीवर वय सांगून विचारा.
- तिकिटाचा तुकडा शेवटपर्यंत जपा, पुढेही तो तपासला जातो. संग्रहालयाचा प्रवेश याच तिकिटात येतो.

भारतीय नागरिकांना श्रीलंकेत जाण्याआधी ई-टी-ए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवाना, काढावा लागतो. त्याचे नियम आणि शुल्क मधूनमधून बदलतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी श्रीलंका सरकारचं अधिकृत संकेतस्थळ पाहा. हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं शोधात आधी दिसतात आणि त्याच कामाचे जादा पैसे लावतात. पैसे भरण्याआधी पत्ता नीट वाचा.

कोणी कुठपर्यंत जावं

पायऱ्या सुमारे १२०० आहेत. लिफ्ट किंवा रोपवे नाही. पुणेकरांसाठी घरच्या घरी एक चाचणी सांगतो : पर्वतीच्या पायऱ्या दमाने चढून उतरा आणि पाच मिनिटं टेकून पुन्हा चढा. दुसऱ्या फेरीत छाती भरून आली नाही आणि उतरताना गुडघ्याने कुरकुर केली नाही, तर सिगिरियाच्या माथ्यापर्यंत जायला तुम्हाला अडचण येऊ नये. रायगड पायी चढणाऱ्यांना हे प्रकरण दमाचं कमी आणि उंचीच्या भीतीचं जास्त वाटेल. वाट टप्प्याटप्प्याने अशी आहे :

१. खंदक आणि पाण्याच्या बागा. इथे सगळं सपाट आहे आणि पायाखाली माती-खडी आहे. काठी टेकत चालणारी व्यक्तीसुद्धा सावकाश इथे फिरू शकते. पण इथेच मंडळी सर्वांत जास्त घाई करतात! जरा थांबा आणि मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहा. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे आहे, अशा जोडीजोडीने हे हौद आखलेले आहेत. अरुंद पाटांच्या कडेला भोकं पाडलेल्या गोल दगडी चकत्या दिसतील. ती कारंजी आहेत. पंप नाही, यंत्र नाही. वरच्या पातळीवरचं पाणी जमिनीखालच्या नळांतून खाली येतं आणि स्वतःच्याच दाबाने भोकांमधून वर उसळतं. पावसाळ्यात पाणी भरलं की ही कारंजी आजही उडतात, पंधराशे वर्षांनंतर. माथ्यावर जाणं जमणार नसेल तरी एवढ्यासाठी आत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. खंदकाच्या पाण्याजवळ मात्र जाऊ नका, मगरींबद्दलच्या इशाऱ्याच्या पाट्या तिथे उगाच लावलेल्या नाहीत.

२. शिळांची बाग. इथून चढ लागतो, पायऱ्या दगडी आणि उंचसखल आहेत. दोन प्रचंड शिळा एकमेकींना टेकून झालेल्या कमानीखालून वाट जाते. गुहांच्या कपाळावर आडवी कोरलेली एक धार दिसेल. पावसाचं पाणी ओघळून गुहेत येऊ नये, म्हणून ती पन्हळ कोरलेली आहे. कश्यपाच्या कित्येक शतकं आधी इथे भिक्खू राहत होते, त्यांच्या काळातल्या ब्राह्मी अक्षरांच्या ओळी काही धारांखाली आहेत. कार्ल्या-भाजाच्या लेण्यांत ब्राह्मी लेख पाहिले असतील, तर ओळख लगेच पटेल. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी इथपर्यंत येऊन मागे फिरावं. तेवढं पाहूनही सकाळ भरून पावते.

३. चित्रं आणि आरसा-भिंत. आता उघड्या कड्याला बिलगून चालायचं आहे. चित्रांच्या कपारीत जायला जाळीबंद गोल लोखंडी जिना आहे. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी नजर समोरच्या पायरीवर ठेवावी आणि मधे थांबून खाली पाहू नये. या टप्प्यावर ‘थोडं पुढे जाऊन बघू’ असं म्हणू नका. मागे रांग असते, अरुंद जिन्यावर उलट फिरणं तुम्हालाही जड जातं आणि इतरांनाही.

४. सिंहाचा चौथरा. निर्णय घेण्याची खरी जागा ही. कातळाच्या उत्तर बाजूला मोकळी सपाटी आहे आणि तिथे विटांच्या सिंहाचे दोन अजस्र पंजे उरलेले आहेत. एके काळी या सिंहाच्या शरीरातूनच जिना वर जाई. १८९८ मध्ये एच. सी. पी. बेल यांच्या उत्खननात हे पंजे उजेडात आले. पंजांच्या वरच्या कातळाकडे नीट बघा : ओळीने कोरलेल्या खोबण्या दिसतील. जुना विटांचा जिना या खोबण्यांच्या आधाराने चढवलेला होता. इथे बसा, पाणी प्या आणि वर जायचं की नाही ते ठरवा. बरोबरची ज्येष्ठ मंडळी इथे थांबू शकतात आणि वर गेलेले याच वाटेने परत येतात, त्यामुळे चुकामूक होत नाही.

५. माथा. शेवटचा टप्पा कातळावर ठोकलेल्या लोखंडी जिन्याचा. अंतर थोडंच आहे, पण उभ्या कड्यावर, वाऱ्यात. छत्री उघडू नका आणि टोपीला बंद नसेल तर ती पिशवीत टाका. वर सुमारे दीड हेक्टर जागेत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली विटांची जोती आहेत. छतं आणि लाकडी खांब कधीच गेले. ‘नुसती जोती’ वाटू नयेत म्हणून तीन गोष्टी शोधा : कातळ खोदून केलेला मोठा हौद, दगडी आसन, आणि सर्वांत उंच भागातून पश्चिमेकडे दिसणारा बागांचा सरळ आस. ज्या वाटेने तुम्ही चालत आलात तीच वाट वरून रेघ मारल्यासारखी दिसते. खालच्या बागा आणि वरचा वाडा एकाच हाताने आखल्याचं इथे उभं राहिल्यावरच उमगतं.

उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. घाई न करता कठडा धरून उतरा. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी औषधं गाडीत न ठेवता खिशात ठेवावीत. तान्ही बाळं पोटाशी बांधून नेता येतात, बाबागाडी मात्र पाण्याच्या बागांपलीकडे जात नाही. माथ्यावर पाणी विकत मिळत नाही आणि स्वच्छतागृहही नाही. दोन्ही गोष्टी खालीच उरकून घ्या.

चित्रांचा फोटो नको, भिंतीला हात नको

कपारीत आज एकवीस-बावीस स्त्री-आकृती उरल्या आहेत. ढगांतून कमरेपर्यंत प्रकट झालेल्या, हातात फुलं, काहींच्या मागे तबक घेतलेल्या सखी. एका चित्रात हाताची आधी काढलेली जागा बदलल्याची खूण दिसते. चित्रकाराने ओल्या गिलाव्यावर काढता काढता विचार बदललेला असणार. कपारीत फोटो काढायला बंदी आहे, फ्लॅशशिवायही. फोन खिशात ठेवला की ही खूण शोधायला सवड मिळते. वर जाऊ न शकणाऱ्यांसाठी या चित्रांच्या प्रतिकृती संग्रहालयात आहेत. १९६७ मध्ये कोणी तरी या चित्रांवर हिरवा रंग फासला होता आणि इटलीचे तज्ज्ञ लुचानो मारांझी यांनी ती वाचवली. पहारा एवढा कडक आहे तो त्यामुळेच.

पुढची आरसा-भिंत एके काळी इतकी घोटून गुळगुळीत केलेली होती की तिच्यात प्रतिबिंब दिसे. सहाव्या शतकापासून पुढे आलेल्या पाहुण्यांनी तिच्यावर ओळी कोरून ठेवल्या, बऱ्याचशा त्या चित्रांतल्या स्त्रियांना उद्देशून. सेनरत परणविताना यांनी त्यातली ६८५ पद्यं वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. सिंहली भाषेच्या अभ्यासासाठी ती फार मोलाची आहेत. ‘त्यांनी लिहिलं, मग आम्ही लिहिलं तर काय बिघडलं?’ असं गमतीनेसुद्धा मुलांसमोर म्हणू नका. २०१५ मध्ये या भिंतीवर नाव कोरल्याबद्दल एका तरुणीला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे राष्ट्राध्यक्षांनी तिला माफी दिली, पण अशी माफी गृहीत धरता येत नाही. भिंतीला टेकणं, बोट फिरवणं, नखाने खरवडून बघणं यांतलं काहीही करू नका. ड्रोनही नेऊ नका.

आग्या मोहोळ

सिंहाच्या चौथऱ्याच्या वरच्या कड्याला मोठाली पोळी लटकलेली दिसतात. पाट्यांवर ‘गांधीलमाश्या’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द असला, तरी ही पोळी आपल्या गडांवर दिसणाऱ्या आग्या मोहोळाची असतात, आणि माश्या उठल्या तर त्या जिवावर बेततात. चौथऱ्यावर लोकांना शिरून बसता येईल असे जाळीचे पिंजरे ठेवलेले आहेत. त्यांची जागा आधी बघून ठेवा.

- आरडाओरडा, शिट्ट्या, घोषणा नकोत. माथ्यावर पोचल्याचा आनंद मोठ्याने साजरा करायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे आवरा.
- उग्र अत्तर किंवा सुगंधी फवारा मारून जाऊ नका.
- माश्या उठल्याच तर हात झाडू नका. ओढणीने किंवा शर्टाने डोकं-तोंड झाकून जाळीत शिरा.
- कर्मचाऱ्यांनी वाट बंद केली तर हुज्जत घालू नका.
- दंशाची ॲलर्जी असेल तर औषध बरोबर असल्याशिवाय चढू नका.

माकडंही भरपूर आहेत. हातात खाऊची पिशवी दिसली की ती गेलीच म्हणून समजा.

मदतनीस, गाइड, ड्रायव्हर

खालच्या बागेतच कोणी तरी हसत जवळ येतो, आईचा हात धरतो, ‘हळू हळू’ म्हणत पायऱ्या चढवू लागतो. तुम्हाला वाटतं, तो तिथला कर्मचारी असेल. सिंहाच्या चौथऱ्यावर तो हजारो रुपये मागतो. असा हात पुढे आला की तिथल्या तिथे नम्रपणे, स्पष्ट ‘नको’ म्हणा. कोणतीही मदत घेणं तुमच्यावर बंधनकारक नाही. खरोखर आधार हवा असेल, तर रक्कम, चलन आणि कुठपर्यंत, हे तिन्ही आधी ठरवा.

गाइड घ्यायचा असेल तर पर्यटन विभागाचं ओळखपत्र मागा. परवानाधारक गाइडला ते दाखवण्यात कमीपणा वाटत नाही. बागांची रचना आणि गुहा समजून घ्यायला चांगल्या गाइडचा खूप उपयोग होतो. पण नुसतं माथ्यावर जायचं असेल तर वाट इतकी सरळ आहे की त्याची गरज नाही.

ड्रायव्हरशी दोन गोष्टी ठरवून घ्या. पहिली : आत जायचा दरवाजा आणि बाहेर पडायची वाट वेगळी आहे. उतरताना नागफणा गुहेजवळून दक्षिणेकडच्या वाहनतळावर बाहेर पडायला होतं, मधे दुकानांची रांग लागते. गाडी तिथे आणायला सांगा, नाही तर दमलेल्या पायांनी उन्हात मोठा वळसा पडेल. दुसरी : मसाल्यांच्या बागा, रत्नांची दुकानं, हत्तीची सवारी हे थांबे तुमच्या सांगण्यावरून होतील, त्याच्या कमिशनवरून नाही. थांबलात तरी खरेदीची सक्ती नाही, हे लक्षात ठेवा.

तक्रार करायची वेळ आली तर पर्यटकांसाठी १९१२, पोलिसांसाठी ११९ आणि रुग्णवाहिकेसाठी १९९० हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. रुग्णवाहिकेची ही मोफत सेवा २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली.

सिगिरिया की पिदुरंगल?

पिदुरंगल हा समोरचा कातळ. तिकीट अगदी थोडं, आणि सिगिरियाचा तो गाजलेला पूर्ण फोटो इथूनच निघतो, कारण सिगिरियावर उभं राहून सिगिरिया दिसत नाही. चढ कमी आहे, पण शेवटी मोठमोठ्या दगडांवरून हातापायांनी चढावं लागतं. तिथे पायऱ्या नाहीत, कठडाही नाही. म्हणजे सिगिरिया जमत नाही म्हणून आजी-आजोबांना पिदुरंगलला नेणं हे उलटंच होईल. वाट विहारातून जाते, म्हणून खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

वेळ आणि ताकद असेल तर एका दिवशी सूर्यास्ताला किंवा पहाटे पिदुरंगल आणि दुसऱ्या सकाळी सिगिरिया करा. एकच शक्य असेल आणि तुम्हाला राजवाडा पाहायचा असेल, तर सिगिरियाच निवडा. पिदुरंगलवरून दृश्य उत्तम दिसतं, पण राजवाडा तिथे नाही.

गुडघ्यांमुळे दोन्हीही नको वाटत असेल, तर दीडेक तासावरच्या पोलोन्नरुवाला जा. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूच्या राजवाड्याच्या जाडजूड विटांच्या भिंती तिथे सपाट जमिनीवर उभ्या आहेत, आणि जवळच गल विहारातल्या बुद्धमूर्तींपर्यंत गाडीने जाऊन थोडं चालावं लागतं.

जाणं, खाणं, पैसे

मुंबईहून कोलंबोला अडीच तासांचं थेट विमान आहे. विमानतळ कोलंबो शहराच्या उत्तरेला आहे, म्हणून आधी शहरात जाऊन परत उलटं येण्यापेक्षा विमानतळावरूनच सिगिरियाच्या दिशेने निघा. गाडीने साधारण चार तास लागतात. कँडीहून अडीच-तीन तास. बसने जाणाऱ्यांनी दंबुल्ला गाठावं, तिथून सिगिरियाच्या स्थानिक बस आणि रिक्षा मिळतात. मुक्काम सिगिरिया गावात केलात तर पहाटेची वेळ साधते. कोलंबोहून एका दिवसात जाऊन येणं शक्य असलं तरी तुम्ही चढायला लागता ते नेमकं भर उन्हात.

चढण्याआधी हलकं खा. बहुतेक ठिकाणी न्याहारी बांधून देतात. शाकाहारी मंडळींनी एक नाव लक्षात ठेवावं : उंबलकडा. हा सुकवलेल्या माशाचा चुरा खोबऱ्याच्या चटणीत, ‘पोल सांबोल’मध्ये, सर्रास घालतात. ‘भाजीच आहे’ असं सांगणाऱ्याच्या मनात तो मासा धरलेलाच नसतो. म्हणून ‘शाकाहारी’ एवढंच म्हणून थांबू नका, ‘उंबलकडा नको’ असं नाव घेऊन सांगा. उतरल्यावर थंबिली, म्हणजे तिथलं केशरी शहाळं, प्या.

यूपीआय २०२४ पासून श्रीलंकेत सुरू झालं आहे, पण गावातल्या छोट्या दुकानांत त्यावर विसंबू नका. स्थानिक रुपये जवळ ठेवा.

दुपारनंतरचा बेत

सकाळी सिगिरिया झालं की दुपारी विश्रांती घेऊन दंबुल्लाची गुहामंदिरं पाहता येतात. अंतर अर्ध्या तासाचं आहे. तिथेही बऱ्यापैकी चढ आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला आणि टोपी बाहेर ठेवावी लागते. दगड तापलेला असतो, म्हणून पायमोजे बरोबर घ्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमानाचं मानतात, त्यामुळे सेल्फी टाळा. पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते आणि मंदिरात स्थानिक भाविकांची गर्दी होते. त्या दिवशी मुक्काम पडत असेल तर दंबुल्ला आदल्या दिवशी उरकून घ्या.

संध्याकाळी परतताना उजेड असतानाच सिगिरियाच्या परिसरात पोचा. अंधार पडू लागला की रानहत्ती रस्त्यावर उतरतात. पिदुरंगलचा सूर्यास्त पाहून भाड्याच्या सायकलवर किंवा चालत परतण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या आणि रिक्षावाल्याला खाली थांबायला सांगूनच वर चढा.